दोना लेओकाडियाची धार

पेद्रा मियूदाच्या खोऱ्यात दोना लेओकाडियाच्या, म्हणजे लेओकाडियाबाईच्या, काशासाला कुणी नावं ठेवली, तर ऐकणारा आधी बोलणाऱ्याच्या तोंडाचा वास घ्यायचा. शुद्धीतला माणूस असलं काही बोलणार नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. उसाची ही दारू खोऱ्यात अकरा घरी गळायची. पण लग्न ठरलं, बाळाचा बाप्तिस्मा झाला, कुणी दूरच्या शहरातून सुट्टीवर आलं, की बाटली निघायची ती लेओकाडियाच्या घरची.

एवढं नाव तिला कुणी आंदण दिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा मुलगी, इदालिना, पाळण्यात होती. खोऱ्यातले बाप्ये त्याला पुरून परत येतानाच तांब्याच्या भट्टीचा सौदा करायला लागले होते. बाईच्या हातची धार फाटते, दारू बिघडते, असा त्यांचा समज. लेओकाडियानं सगळं ऐकून घेतलं, घरी आली, काळ्या कपड्यांवरच डोक्याला फडकं बांधलं आणि भट्टीखाली जाळ घातला. तिथपासून एकाही हंगामात ती भट्टी थंड राहिली नाही.

गळून येणारी दारू ती तीन भागांत तोडायची, सगळेच तोडतात तशी. सुरुवातीला येतं ते डोकं. ते उग्र असतं, टाकून द्यायचं. मधलं ते काळीज, तेच प्यायचं. शेवटचं ते शेपूट, तेही टाकायचं. पण डोकं संपून काळीज कुठे सुरू होतं, तेवढं ओळखण्यातच सगळी विद्या असते. लेओकाडिया धारेखाली तळवा धरायची, दोन्ही हात चोळायची, नाकाशी न्यायची आणि म्हणायची, "आलं." त्यावर वाद नसायचा.

ह्याच धारेच्या जोरावर तिनं मुलीला रसायनशास्त्र शिकवलं. इदालिना शिकून तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायला लागली. तिथं तिची जोडीदारीण होती नेउझा. ही बडबडी, धिप्पाड बाई कुठलाही नटबोल्ट हातानंच सोडवायची. राजधानीतलं विद्यापीठ एक जुना द्रव क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातलं एकेक द्रव्य वेगळं काढून मोजणारं यंत्र, मोडीत काढतंय, असं कळलं तेव्हा ह्या दोघींनी तो मागून घेतला, गाद्यांत गुंडाळला आणि केळ्यांच्या ट्रकातून आणला. त्याचा पंप गळायचा, दिवा लागायचा नाही. कितीतरी महिने त्या त्याच्यामागे होत्या. शेवटी एके दुपारी पडद्यावर सरळ, शांत रेघ उमटली, तेव्हा नेउझानं इदालिनाला उचलून गरकन फिरवलं होतं.

ह्याआधी खोऱ्यातल्या बाटल्या तपासायला राजधानीत जायच्या. उत्तर यायचं तोवर ती दारू पिऊन लोकांची उतरलेलीही असायची. शिवाय उत्तर म्हणजे एकच गोळाबेरीज: अल्डिहाइडं, म्हणजे दारूतली उग्र, बाधणारी द्रव्यं, एकूण इतकी. इदालिनाचं यंत्र एकेकाला वेगळं करून दाखवायचं. कुठलं डोक्यातून आलंय, कुठलं भट्टीच्या बुडाला साखर करपल्यामुळे आलंय, सगळं वेगवेगळं. तिला त्याचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नव्हती.

त्या वर्षी अकरा घरांनी मिळून सहकारी संस्था काढली. सगळ्यांची दारू एका नावानं बाटलीत भरायची आणि राजधानीच्या मोठ्या मेळ्यात न्यायची, असं ठरलं. ज्याचं पिंप प्रयोगशाळेत पास होईल, त्याचंच आत जाईल, हा नियम इदालिनानं सुचवला आणि तो मंजूर करायला पहिला हात वर झाला तो तिच्या आईचा.

बाटली घेऊन दोना लेओकाडिया स्वतः आली. चर्चला जाताना घालायचा तो निळा फुलाफुलांचा पोषाख, केसांना तेल, बगलेत बाटली.

"ही घे. वरचं सील संस्थेच्या अध्यक्षानं, आताइदेनं लावलंय. उद्या कुणी म्हणायला नको, आईनं लेकीच्या हातात काही वेगळंच दिलं."

"ठेव तिथं. बस ना, आई. कॉफी घेतेस?"

लेओकाडिया बसली नाही. ती यंत्राभोवती एक फेरी मारून आली. "एवढंसं? ह्याच्यापायी तू दोन वर्षं ईस्टरला घरी आली नाहीस?"

"ह्याच्याचपायी."

"ह्याला नाक आहे?"

"नाही."

"जीभ?"

"नाही, आई."

"मग बेलार्मिनोसारखंच की. तोही भट्टी चालवतोच."

नेउझाच्या हातातली कॉफी हिंदकळून टेबलावर सांडली. बेलार्मिनो म्हणजे शेजारच्या मळ्याचा मालक. तांब्याच्या भट्टीवर डोळा ठेवणाऱ्यांत त्याचा बाप पहिला होता, आणि लेओकाडियानं ते त्याला अजून माफ केलं नव्हतं.

आई गेल्यावर नेउझानं बाटली पुढे ओढली. "ही मी करते. तू हात मागे बांधून नुसती बघ. म्हणजे कुणाला बोलायला जागा नको."

काम तसं सोपं, पण निगुतीचं. दारूच्या थेंबांत एक नारिंगी द्राव घालायचा. तो अल्डिहाइडांना गच्च पकडतो आणि त्यांना रंग देतो. मग ते मिश्रण पंपाच्या जोरानं एका बारीक, पोलादी नळीतून ढकलायचं. नळीत भरलेली पूड कुणाला लवकर सोडते, कुणाला उशिरा, त्यामुळे प्रत्येकजण आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि पडद्यावरच्या रेघेवर एक शिखर उभं राहतं. शिखर जितकं उंच, तितका माल जास्त.

पडद्यावर दुसरं शिखर चढायला लागलं तेव्हा नेउझा गप्प झाली. नेउझा गप्प होणं हीच वाईट बातमी. ते ॲसिटाल्डिहाइडचं शिखर होतं, डोक्यातलं. कायद्याची मर्यादा तीसची. आकडा आला एकेचाळीस.

"पुन्हा कर," इदालिना म्हणाली.

पुन्हा केलं. तेच.

"कोरा नमुना घाल." कोऱ्या नमुन्यात दारू नसते, नुसतं पाणी आणि तो नारिंगी द्राव. तिथं रेघ सपाट हवी. पण तिथं सुरुवातीलाच एक लहान टेकडी उठली, फॉर्माल्डिहाइडची.

"हे कुठून आलं?" नेउझा पुढे वाकली.

इदालिनाच्या छातीत एकदम हलकं वाटलं. यंत्रच चुकतंय! जे नाही ते दाखवतंय! ज्या यंत्रासाठी तिनं इतकी हाडं झिजवली, ते बिघडलंय म्हणून तिला आनंद झाला, आणि पाठोपाठ त्या आनंदाची लाजही वाटली.

मग दोघी हात धुऊन मागे लागल्या. पाणी बदललं. द्राव नवा केला. काचेचं सगळं सामान उकळून घेतलं. नळी बदलली. टेकडी आपली जागच्या जागी. इदालिना वैतागून गेली होती. सुट्टीनंतर बंद खोली उघडली तेव्हा नेउझा दारातच थांबून डोळे चोळायला लागली.

"मला इथं आलं की डोळे चुरचुरतात. तुला नाही होत?"

"कधीपासून?"

"ही कपाटं आली ना, तेव्हापासून."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग कपाटांकडे. नगराध्यक्षांनी प्रयोगशाळेला भेट दिलेली ती नवीकोरी, दाबलेल्या भुशाच्या फळ्यांची कपाटं. त्या फळ्या ज्या डिंकानं चिकटवतात, त्यातून फॉर्माल्डिहाइड हवेत झिरपत राहतं. हवेतून ते पाण्यात उतरायचं, द्रावात उतरायचं, सगळ्यांत उतरायचं.

त्यांनी लगेच कपाटं बाहेर ओढायला सुरुवात केली. आवाज ऐकून प्राचार्य धावत आले. "अहो, हे काय करताय? नगराध्यक्षांनी फीत कापलीय ह्यांची! बँड वाजला होता!"

"मग बँड पुन्हा बोलवा," नेउझा घाम पुसत म्हणाली. "पण व्हरांड्यात."

कपाटं बाहेर गेली, खिडक्या दोन दिवस सताड उघड्या राहिल्या. कोरा नमुना पुन्हा घातला. रेघ सपाट, इस्त्री केल्यासारखी. नेउझानं टाळी वाजवली. मग दोना लेओकाडियाच्या बाटलीतून नवा नमुना घेतला, पहिल्यापासून सगळं नव्यानं केलं. पहिली टेकडी नाहीशी झाली होती. दुसरं शिखर मात्र जसंच्या तसं उभं होतं. एकेचाळीस.

"यंत्र स्वच्छ आहे," नेउझा हळूच म्हणाली. "आकडाही."

इदालिनानं आकडा वहीत लिहिला. मग तिनं नेउझाची जुनी गाडी मागून घेतली आणि खोऱ्यात निघाली.

जूनचा कोरडा, थंड वारा होता. घाण्यावर ऊस चालला होता, अंगणात चोयट्यांचा ढीग वाळत होता. आई भट्टीच्या पडवीत जाळ सारखा करत होती. इदालिनानं आडवळण घेतलं नाही. तिला येत नव्हतं ते.

"आई, तुझी बाटली नापास झालीय."

लेओकाडियानं हातातलं लाकूड हळूच खाली ठेवलं. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते. तीनदा केलं. यंत्रात दोष होता तोही काढला. डोक्यातला माल काळजात आलाय."

"सील तपासलंस?"

"तपासलं."

"मग त्या आताइदेनं दुसऱ्याचीच बाटली दिली असेल. नाहीतर बेलार्मिनोनं काही घातलं असेल. पोरी, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी ह्या तांब्यापुढे उभी आहे! इथं थांब. भट्टी तापलीच आहे. तुला डोळ्यांदेखत दाखवते काळीज कशाला म्हणतात."

इदालिना थांबली. थोड्या वेळानं नळीच्या तोंडातून पहिले थेंब पडले, मग बारीक धार लागली. आईनं डोक्याची बादली खाली सरकवली. मग लेओकाडियानं तळवा पुढे केला, धार हातावर घेतली, हात चोळले, नाकाशी नेले. डोळे मिटले. लहानपणी हे बघताना इदालिनाला आई चर्चमधल्या पाद्रीबाबांपेक्षा मोठी वाटायची.

"आलं," लेओकाडिया म्हणाली, आणि चांगली बादली घ्यायला वाकली.

इदालिना दोन पावलांवर होती. तिथपर्यंत वास येत होता: तीक्ष्ण, हिरव्या सफरचंदासारखा, त्यामागे नेलपॉलिशची झाक. डोकं. अगदी भरात आलेलं डोकं.

"आई, हे अजून डोकंच आहे."

"तू मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. मला वास येतोय."

लेओकाडियाचा हात बादलीच्या कडीवरच राहिला. तिनं मुलीकडे पाहिलं नाही. धार पडत होती, खाली जाळ फुरफुरत होता.

"आई. कधीपासून?"

लेओकाडियानं चांगली बादली पायानंच मागे ढकलली आणि ती ओट्यावर बसली. एकाएकी ती लहानखुरी दिसायला लागली.

"कोविड झाला होता ना, तेव्हापासून. वाटलं, वास येईल परत. सगळ्यांचा आला. त्या मेल्या बेलार्मिनोचासुद्धा आला. माझा नाही आला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू डॉक्टरकडे नेलं असतंस. डॉक्टरच्या बायकोनं खोऱ्यात सांगितलं असतं. आणि खोरं म्हणालं असतं, बघा, बाईच्या हातची धार शेवटी फाटलीच." तिनं ओले हात मांडीवर पुसले. "अंदाजानं तोडतेय. जुन्या सवयीनं."

"आणि कुणाला कळलं नाही?"

"लोक नाव पितात, पोरी. बाटलीवर माझं नाव होतं, म्हणून त्यांना गोडच लागली." मग थोडं थांबून म्हणाली, "दारूचं एक वेळ सोड. तू येतेस, मला मिठी मारतेस, आणि मला तुझा काहीच वास येत नाही. भिंतीला मिठी मारल्यासारखं वाटतं."

इदालिना तिच्या शेजारी बसली. आई एवढं सगळं एकटी वाहत होती आणि ते आपल्याला पडद्यावरच्या एका शिखरानं सांगितलं, हे तिला फार लागलं. ती नुसती खांद्याला खांदा लावून बसून राहिली. धारेचा वास हळूहळू मऊ होत गेला, त्यातला तो हिरवा दंश ओसरला, मागून उसाचा गोडवा वर आला.

"आता," इदालिना म्हणाली. "आता आलं."

लेओकाडियानं बादली बदलली. किती भरली होती ते तिनं वाकून नीट पाहिलं आणि तिच्या तोंडून शिवी गेली. "एवढं? मी तर ह्याच्या निम्म्यावरच तोडत होते!"

संस्थेची बैठक चर्चच्या मागच्या दालनात होती. आत जायच्या आधी आताइदेनं इदालिनाला बाजूला घेतलं. आताइदे संस्थेचा अध्यक्ष, सरळ माणूस. कुणाचं मन मोडायचं म्हणजे त्याचा जीव खालीवर व्हायचा.

"मला नेउझानं सांगितलं. हे बघ, अकरा घरांचा माल एकत्र ओतला की तुझ्या आईचा आकडा त्यात विरून जाईल. सगळं मिळून तीसच्या आतच राहतंय. मग गावभर कशाला करायचं? एवढं नाव आहे त्यांचं."

"हिशोब बरोबर आहे तुमचा, आताइदेसाहेब," इदालिना म्हणाली. "पण नियम प्रत्येक पिंपाचा आहे."

"नियम आपणच केलाय ना? आपणच वाकवू थोडा."

"काय विरून जाणार आहे?" मागून आवाज आला. दोना लेओकाडिया निळ्या पोषाखात उभी होती. "माझी दारू बेलार्मिनोच्या दारूत लपवायची? त्यापेक्षा मी ती चुलीत ओतीन!"

"दोना, तसं नाही, मी तुमच्याच भल्याचं..."

"माझं भलं मी बघते. सरका."

ती आत गेली आणि बसायच्या आधीच बोलायला लागली. सगळी घरं जमली होती. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं.

"माझ्या बाटलीत ॲ-सि-टाल्-डि-हाइड जास्त निघालंय," ती म्हणाली. तो शब्द तिनं गाडीत येताना वाटभर घोकला होता. "नापास. माझ्या पोटच्या मुलीनं मला नापास केलंय. आणि का, तेही माझ्याच तोंडून ऐका, म्हणजे बाहेर जाऊन कुजबुजायला नको. मला वास येत नाही. आजारपणापासून काहीच येत नाही. मी अंदाजानं तोडत होते आणि तुम्ही वाहवा करत होतात."

मागच्या रांगेत बेलार्मिनो उठला. आईला ह्याच माणसाची भीती होती.

"एक विचारू का, दोना?" बेलार्मिनोनं टोपी काढली. "गेल्या वर्षी माझी बाटली हुंगून तुम्ही चारचौघांत म्हणालात, हिला घोड्याच्या घामाचा वास येतो. ते कशाच्या जोरावर?"

"ते आठवणीनं म्हणाले," लेओकाडिया म्हणाली.

क्षणभर कुणाला कळेना. मग सगळं दालन असं हसलं, की कडेवरचं एक पोर दचकून रडायला लागलं. सगळ्यांत मोठ्यांदा बेलार्मिनोच हसत होता.

हसू ओसरल्यावर लेओकाडियानं हात वर केला. "हसलात ना? आता ऐका. ह्या पोरीला मी वाढवलं, शिकवलं. तिला माझा आकडा झाकता आला असता. मी स्वतः तिच्यावर ओरडले. तरी तिनं झाकला नाही. तेव्हा आपल्या बाटलीवर तिची सही असली, की जगात कुणीही ती डोळे मिटून प्यावी. अशी सही राजधानीतही मिळायची नाही. माझं पिंप ह्या खेपेला जाणार नाही. मी नवं गाळीन, ते तिच्याकडे पाठवीन, आणि ती पास म्हणाली तरच माझं नाव घ्या."

इदालिना दाराशी उभी होती. तिचे कान तापले होते. नेउझानं तिच्या पाठीत असा गुद्दा घातला, की तिला खोकलाच आला.

नवी गाळणी बघायला अर्धं खोरं जमलं. लोकांनी घरून खुर्च्या आणल्या, बायकांनी चीजचे गरम गोळे आणले, बेलार्मिनो आपली ढेप फोडून सगळ्यांना गूळ वाटत होता. आग, आंबवलेला रस, तांब्याची धुलाई, सगळं लेओकाडियाच्या हातचं. तिथं तिनं कुणाला बोट लावू दिलं नाही. धार लागल्यावर मात्र एकामागून एक लहान पेले धरले गेले. प्रत्येक पेल्याला बादली किती भरली, दारूचा जोर मोजणारा तरंगता मापक कुठे थांबला, ते नेउझा काचेवरच लिहीत होती.

"नाक लावू का मीपण?" बेलार्मिनोनं विचारलं.

"तू लांब बस," लेओकाडिया म्हणाली. "धारेला तुझा वास लागेल."

ते पेले प्रयोगशाळेत गेले. पहिल्या पेल्याचं शिखर पडद्याच्या वर निघून गेलं. पुढच्याचं त्याहून जरा ठेंगणं, मग आणखी ठेंगणं. शेवटी एका पेल्यापाशी ते एकदम खाली बसलं आणि पुढे तिथंच राहिलं. इदालिनानं सगळ्या रेघा एकावर एक ठेवून पाहिल्या. आयुष्यभर आई तळव्यावर जे ओळखत आली, ते इथं डोळ्यांना दिसत होतं. त्या पेल्याच्या वेळी डोक्याची बादली जिथवर भरली होती, तिथं खोऱ्यात जाऊन तिनं बादलीच्या आतल्या अंगाला खिळ्यानं खूण कोरली. लेओकाडियानं त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. "इथं?"

"इथं. आंबवणीचा रस आणि आग तुझी नेहमीची असेल तर इथंच. हंगामात मी मधूनमधून पुन्हा बघत राहीन."

"बघच. सोडू नकोस."

त्या खुणेवर तोडून भरलेल्या पिंपाचा आकडा आला चौदा. नेउझानं तो फोनवर कळवला. मग लेओकाडियानं विचारलं, "बेलार्मिनोचा किती होता?"

"बारा."

"बारा? कपाटं परत आत आणली नाहीत ना कुणी?"

मेळ्याला दोघी मायलेकी गेल्या. राजधानीतलं ते उंच छताचं सभागृह, शेकडो बाटल्या, टाय लावलेली माणसं. संस्थेच्या टेबलामागे लेओकाडिया अशी उभी होती, जसं काही सभागृह तिच्याच पडवीत भरलंय. दुपारकडे एक वयस्क परीक्षक आले. त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, डोळे मिटले.

"दोना, डोकं काय नेमकं तोडलंय!" ते म्हणाले. "असं नाक हल्ली राहिलं नाही."

"नाक माझ्याकडेही नाही, साहेब," लेओकाडिया म्हणाली. "मुलगी आहे."

त्यांना तो विनोद वाटला आणि ते मनापासून हसले. लेओकाडिया हसली नाही. तिनं इदालिनाचं कोपर धरून तिला टेबलाच्या पुढे ओढलं. "ही. केमिस्ट आहे. विचारा काय विचारायचं ते."

परीक्षकांनी खरंच विचारलं. कुठली नळी वापरता, कोरा नमुना कसा सांभाळता, प्रत्येक पिंपामागे किती वेळा करता. इदालिना आधी चाचरत, मग रंगात येऊन सांगायला लागली. आई बाजूला हाताची घडी घालून उभी होती. त्यातलं निम्मं तिला कळत नव्हतं, पण प्रत्येक वाक्याला ती अशी मान हलवत होती, जसं काही पाठांतर तिनंच करून घेतलंय.

पदक दुसऱ्याच खोऱ्याला गेलं. लेओकाडियाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. टेबलासमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती हटकून थांबवायची, पेला हातात द्यायची आणि त्यानं तोंडाला लावायच्या आधीच सांगून टाकायची, "ॲ-सि-टाल्-डि-हाइड चौदा! माझ्या मुलीनं मोजलंय!" दिवस कलत गेला तसतसा त्या शब्दातली अक्षरं इकडची तिकडे व्हायला लागली. शेवटी शेवटी तर तो ऐकून एका माणसाला ती शिंकलीच असं वाटलं आणि त्यानं "देव तुमचं भलं करो" असं उत्तर दिलं. इदालिना शेजारी उभी राहून पेले पुसत होती. आईचे उच्चार सुधारायच्या भानगडीत ती पडली नाही.